जुन्या कंपनीची जागा रिडेव्हलपमेंटला घेताय? या चुका टाळा

बंद पडलेल्या केमिकल कंपनीचा प्लॉट घेताना लोक सातबारा बघतात, टायटल सर्च करतात, एफएसआयचा हिशोब दहा वेळा मांडतात, पण तिथे इतकी वर्षं नेमकं काय बनत होतं हे कोणी विचारतच नाही. पहिली चूक हीच. जुना ले-आउट आणि प्रदूषण मंडळाचे कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायचे परवाने, मागा, आणि जमलं तर तिथल्या एखाद्या रिटायर्ड कामगार काकांना घेऊन प्लॉटवर चक्कर मारा. फर्नेस ऑइलची टाकी कुठे गाडली होती, ड्रम कुठे धुवायचे, ईटीपीचा (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा) गाळ मागच्या भिंतीशी पुरला का, हे त्यांना ठाऊक असतं.

मग सॅम्पल. चार कोपऱ्यांतली वरची माती एकत्र कालवून एकच नमुना लॅबला देतात आणि रिपोर्ट क्लीन आला की सगळे खूश. अहो, एका जागेची घाण तीन चांगल्या जागांच्या मातीत मिसळली की आकडा खाली येणारच ना! टाकी, गटार, ईटीपी यांच्याजवळ वेगवेगळे बोअर मारा, वरच्या-खालच्या प्रत्येक थराचा नमुना वेगळा ठेवा. सॉल्व्हंटचा, म्हणजे पटकन उडून जाणाऱ्या द्रावक रसायनाचा, संशय असेल तर माती साध्या पिशवीत नेऊ नका, पोचेपर्यंत अर्धं उडून जातं, हवाबंद बाटली आणि बर्फ लागतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे माती डंपरने उचलली की जागा साफ झाली असं समजणं. भोपाळ बघा. गॅसकांड १९८४ चं, कारखान्यात साठवलेला ३३७ टन कचरा पिथमपूरला नेऊन जाळून झाला तो २०२५ मध्ये, आणि तरी जमिनीत मुरलेलं विष तिथेच आहे. नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेने २०१० मध्ये दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन दिला होता, त्यापुढे ३३७ टन म्हणजे काय!

आपल्याकडे तर मुरूमाखाली काळा खडक, त्याच्या भेगांतून पाणी कुठे निघेल सांगता येत नाही. ट्रायक्लोरोइथिलीनसारखं सॉल्व्हंट पाण्यापेक्षा जड, ते खालीखालीच जातं. म्हणून आजूबाजूच्या विहिरी-बोअरचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा तपासा, आणि हे बेसमेंट खणायच्या आधी करा, कारण खड्ड्यातलं पाणी उपसायला पंप लावले की शेजारच्या प्लॉटची घाणसुद्धा तुमच्याकडे ओढली जाते.

आणि काढलेली माती कृपा करून कुठल्या खाणीत किंवा खाडीत टाकू नका, तिथेही कुणाची तरी विहीर असते. घातक ठरली तर ती तळोज्यासारख्या अधिकृत ठिकाणीच जायला हवी, मॅनिफेस्टसकट, म्हणजे ती कुठून कुठे गेली याच्या कागदासकट. हा खर्च कोण देणार ते विकणाऱ्याशी करार करतानाच लिहून घ्या, जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत, तेही वकिलाला वाचायला लावा.

फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डरकडे सफाईनंतरचा माती-पाण्याचा रिपोर्ट मागा, आधीचा नव्हे, आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी टाकीत सोडण्याआधी स्वतः तपासून घ्या.