जड धातूंच्या जमिनीत जिवाणू खतं सोडताय? या चुका टाळा

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या जुन्या द्राक्षबागांच्या मातीत मोरचूद (कॉपर सल्फेट) मुरलेलं असतं. एक टक्का बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक फवाऱ्याच्या, १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद जातं, म्हणजे साधारण २५० ग्रॅम तांबं. पानांवरून ओघळून आणि छाटणीच्या पाल्याबरोबर ते मातीच्या वरच्या थरात येतं आणि तिथेच ठाण मांडतं. बाग काढून नवी रोपं लावली की मुळं आखूड राहतात, पानं पिवळी पडतात. मग दुकानदार जिवाणू खत म्हणून मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीची, पिशवी पुढे करतो.

पिशवीला माझा विरोध नाही, तिच्याकडून ठेवलेल्या अपेक्षेला आहे. जिवाणू धातू संपवत नाहीत. कीटकनाशकाचा रेणू मोडतो, तांबं किंवा कॅडमियम मोडत नाही. मायकोरायझा बुरशी आपल्या तंतूंमध्ये थोडा धातू अडकवते आणि मुळांना स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देते. स्युडोमोनास, बॅसिलस या जिवाणूंच्या काही जाती ताणात वाढणारं इथिलीन, म्हणजे मुळांची वाढ रोखणारं संप्रेरक, कमी ठेवतात. रोप सावरतं, जमिनीतला धातू मात्र जिथल्या तिथे.

पीक बघून जिवाणू निवडा. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट यांच्या मुळांशी मायकोरायझाचं जमत नाही. तिथे पैसे पाण्यात. मका, ज्वारी, कांदा, द्राक्ष यांच्याशी जमतं. पण आधी डीएपी या स्फुरदयुक्त खताचा मारा केला असेल तर तिथेही बुरशी मुळात नीट शिरत नाही, कारण स्फुरद आयता मिळाल्यावर झाडाला तिची गरज उरत नाही. शिवाय काही स्फुरदयुक्त खतांतून थोडं कॅडमियमही येतं. आणि जिवाणू सोडून त्याच आठवड्यात कॉपर ऑक्सिक्लोराईड या तांब्याच्या बुरशीनाशकाची आळवणी? हे सर्रास चालतं.

सांगलीची काळी, चुनखडीयुक्त जमीन शिसं-कॅडमियम बऱ्यापैकी धरून ठेवते. पाटण, महाबळेश्वरची लाल, आम्लधर्मी माती ते सोडते. तिथे स्फुरद विरघळवणारे जिवाणू विचार न करता टाकू नका, त्यांच्या आम्लाने चिकटलेला धातूही सुटू शकतो. आधी सामू (पीएच) तपासा, गरज असेल तर तो वाढवायला चुना द्या. मात्र आर्सेनिक आणि षटसंयुजी क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) यांचं गणित उलटं आहे, सामू वाढला की ते जास्त मोकळे होतात. कारखान्याच्या सांडपाण्याचा संशय असेल तर धातू कोणता हे कळल्याशिवाय चुन्याची गोणी फोडू नका.

सगळ्यात महागात पडते ती हिरव्या रंगाची भूल. जिवाणूंनी टवटवीत झालेल्या पालेभाजीतही कॅडमियम असू शकतं, ते डोळ्यांना दिसत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत तांबं, जस्त, लोह, मंगल (मँगनीज) येतात. कॅडमियम, शिसं, क्रोमियम येत नाहीत. ती तपासणी प्रयोगशाळेकडे वेगळी मागावी लागते. मातीबरोबर खाण्याच्या भागाचाही नमुना द्या आणि जिवाणू न सोडलेल्या एका ओळीतला नमुना सोबत ठेवा. जिवाणू सोडलेल्या आणि न सोडलेल्या ओळींच्या अहवालांत फरक दिसला नाही, तर पुढची पिशवी घेऊ नका.