बोट ट्रेलरचे बंक बदलताय? या चुका टाळा

बर्फ वितळला की मिशिगनमधल्या आमच्या मराठी गोतावळ्यातून कुणाचा तरी फोन येतोच. "दादा, ट्रेलरच्या फळ्या कुजल्यात. दुकानातच उभा आहे, कुठलं लाकूड घेऊ?" शनिवारी सकाळी लाकूड आणायचं, दुपारी ठोकायचं आणि रविवारी मासे धरायला जायचं, असा बेत असतो. या घाईतूनच बहुतेक चुका होतात. ट्रेलरवर बोटीचा तळ ज्यांच्यावर टेकतो ते हे बंक, म्हणजे नुसत्या फळ्या नाहीत. इथे वर्षातले सात-आठ महिने बोटीचं सगळं वजन त्यांच्यावर असतं.

सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीखाली प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून दाबाने रसायन भरलेलं) लाकूड घालणं. "सासऱ्यांच्या ट्रेलरवर वीस वर्षं हिरवट लाकूड होतं, काही झालं नाही," असं हमखास ऐकवलं जातं. ते लाकूड वेगळं होतं. त्यात तांब्याबरोबर क्रोमियम आणि आर्सेनिक असायचं. घरगुती वापरासाठी ते अमेरिकेत 2003 च्या अखेरीस बंद झालं. त्याजागी आलेल्या बऱ्याच लाकडांत तांब्याचं प्रमाण जास्त असतं आणि ओल मिळाली की ते पाझरतं. फळीवर गुंडाळलेलं, पाणी धरून ठेवणारं कार्पेट आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा तळ, म्हणजे बॅटरीच तयार झाली. त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम.

हे मी एका मित्राच्या सोळा फुटी बोटीवर पाहिलंय. लेक सेंट क्लेअरला जायची घाई होती. लाकूड इतकं ओलं होतं की ड्रिल मारताना भोकातून पाणी यायचं. तरी आम्ही त्याच दुपारी कार्पेट गुंडाळून मोकळे झालो. बोट दोन हिवाळे अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. तिसऱ्या वसंतात पाण्यात उतरवली, तर अर्ध्या तासात पायाखाली पाणी. घरी आणून बोट उचलली तेव्हा तळावर बंकच्या जागी दोन सरळ पांढरे पट्टे दिसले. भुकटी खरवडल्यावर खाली खड्डेच खड्डे. काहींत खिळ्याचं टोक आरपार जात होतं. अशा बोटींचा पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा, त्यात खड्डे पडल्यावर वेल्डिंगला धड धातूच मिळेना. ठिगळं लावण्यात तो अख्खा उन्हाळा गेला. ड्रिल माझ्या हातात होतं, म्हणून हे मला अजून लागतं.

तेव्हापासून अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीसाठी मी ट्रीट न केलेलं डग्लस फर नावाचं सूचिपर्णी लाकूड घेतो. फळी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघतो, मोठ्या गाठीची बाजूला ठेवतो. दोन आठवडे गॅरेजमध्ये वाळवतो, मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन हात, आणि कापलेल्या टोकांना तीन, कारण कूज तिथूनच शिरते. (तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका, आपोआप पेटतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.) पाच-सहा वर्षांनी फळ्या बदलाव्या लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फळी स्वस्त आहे, तळ नाही.

फायबरग्लासच्या बोटीखाली ट्रीटेड लाकूड चालतं, पण पूर्ण वाळवूनच कार्पेट लावा. बोल्ट हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) किंवा स्टेनलेस घ्या. ट्रेलरची चौकट अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर फळी तिला थेट टेकू देऊ नका, मध्ये प्लास्टिकची पट्टी घाला.

दुसरी चूक धोक्याची आहे. कार्पेटऐवजी गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्या बसवायच्या आणि सवय मात्र जुनीच ठेवायची. कार्पेटवर बोट ढकलावी लागते, प्लास्टिकवर ती आपणहून सुटते. पाण्यात उतरणाऱ्या रॅम्पच्या माथ्यावरच विंचचा (बोट ओढून धरणाऱ्या चरकाचा) पट्टा काढला, तर बोट पाण्याऐवजी काँक्रीटवर उतरते, आणि मागे माणूस उभा असला तर विचारच नको. तळ पाण्यात तरंगेपर्यंत पट्टा आणि साखळी सोडायची नाही. कार्पेटवर सिलिकॉन फवारणाऱ्यांनाही हेच लागू. या पट्ट्या उन्हात लांबतात, म्हणून भोकं लांबट ठेवा.

डेकसाठीचे कंपोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचे) बोर्ड मुळीच नकोत. त्यांना दर सोळा इंचांवर आधार लागतो. बंकचे ब्रॅकेट एकमेकांपासून त्याहून बऱ्याच अंतरावर असतात, आणि उन्हात बोर्ड झोळीसारखे लोंबतात.

लाल ओक नको. त्याच्या तुकड्यातून फुंकर मारली तर दुसऱ्या टोकाला हवा लागते, पाणीही तसंच शिरतं. पांढरा ओक चालतो.

रबरी पाठीचं घरातलं कार्पेट पाणी कोंडून ठेवतं. स्टेपल स्टेनलेसचे घ्या आणि फळीच्या बाजूला किंवा खाली मारा, तळाला टेकतील असे वर नाही. बोल्टचं डोकं लाकडात खोल बसवा.

दुकानात टू-बाय-फोर (दोन बाय चार इंच) म्हणून मिळणारा तुकडा प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतो, म्हणून जुनी फळी मोजून जा. लांबीत कंजुषी नको. बोटीचा मागचा भार फळीवर आलाच पाहिजे, नाहीतर मोटरच्या वजनाने तळ वाकतो.

दोन्ही फळ्या एकदम काढू नका. एक बदला, मग दुसरी, म्हणजे उंची आणि कोन शाबूत राहतो. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. लाकूड आकसतं, तेव्हा ते सैल झालेले असतात.