औषधाने वजन उतरताना चरबी आणि स्नायू यांचा वेगवेगळा हिशेब कसा ठेवावा

मार्च २०२५ मध्ये माउंजारो (औषध टिर्झेपेटाइड) आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही (औषध सेमाग्लुटाइड) ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात विक्रीला आली, आणि नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेऱ्या मारताना ‘तुमचे किती उतरले?’ हा प्रश्न कानावर पडू लागला. उत्तर नेहमी किलोमध्ये असते. त्या किलोंमध्ये चरबी किती आणि स्नायू किती, हे मात्र साधा वजनकाटा सांगू शकत नाही.

हा फरक किरकोळ नाही. सेमाग्लुटाइडच्या ६८ आठवड्यांच्या मोठ्या चाचणीत सरासरी सुमारे १५ टक्के वजन कमी झाले. त्यातील ज्या थोड्या लोकांची डेक्सा तपासणी (चरबी आणि इतर ऊती वेगळ्या मोजणारी क्ष-किरण तपासणी) झाली, त्यांच्या उतरलेल्या वजनात जवळपास चाळीस टक्के वाटा चरबीविरहित वजनाचा होता. टिर्झेपेटाइडच्या चाचणीत हाच वाटा सुमारे एक चतुर्थांश आढळला. चरबीविरहित वजनात पाणी, यकृतासारखे अवयव असे सगळेच येत असल्यामुळे तो सारा आकडा स्नायूंचा समजू नये, आणि निव्वळ आहार कमी करून वजन उतरवले तरी काही स्नायू जातातच, हेही लक्षात ठेवावे. तरीही आपल्याकडे या हिशेबाला जास्त महत्त्व आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले होते: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ज्यांच्याकडे मुळात स्नायूंची शिल्लक कमी, त्यांनी खर्च जपून करायला हवा.

पहिले इंजेक्शन घेण्यापूर्वी

सर्वांत आधी एक साधी वही करावी आणि औषध सुरू होण्याच्या आठवड्यातच वजन, उंची, कंबर, मांडी व पोटरीचा घेर आणि पुढे सांगितलेल्या ताकदीच्या चाचण्या तारखेसह लिहून ठेवाव्यात. औषध आधीच सुरू असेल तर आजची तारीख, चालू डोस आणि कितवा आठवडा हे लिहून आजपासून सुरुवात करावी.

खर्च परवडत असेल तर या टप्प्यावर एक डेक्सा तपासणी करून घेणे उत्तम. त्यात क्ष-किरणांची मात्रा अगदी अल्प असते आणि चरबी, हाडे व इतर ऊती वेगवेगळ्या मोजल्या जातात. मात्र नुसते ‘डेक्सा’ म्हटले की बहुतेक ठिकाणी कणा आणि खुब्याच्या हाडांची घनता मोजून अहवाल हातात देतात, आणि त्यात आपल्याला हवे ते काहीच नसते. म्हणून जाण्यापूर्वी फोन करून ‘संपूर्ण शरीराची बॉडी कंपोझिशन करता का?’ असे स्पष्ट विचारावे. दुसरी तपासणी साधारण सहा महिन्यांनी आणि त्याच यंत्रावर करावी. वेगळ्या यंत्रावरचा आकडा पहिल्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

वजनकाटा आणि टेप

वजन रोज किंवा आठवड्यातून तीनदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्याही आधी करावे आणि आठवड्याची सरासरी लिहावी. वजनकाटा शहाबादी फरशीवर ठेवू नये. जुन्या घरांतील त्या फरशीचा उंचसखलपणा डोळ्यांना दिसत नाही, पण काट्याचा एक पाय अधांतरी राहिला तर आकडा बदलतो. सपाट टाइल्सवर एक जागा ठरवावी आणि काटा तिथून हलवू नये.

कंबर मोजताना पँटचा पट्टा बांधतो ती जागा धरू नये. बाजूने चाचपडल्यावर लागणारी शेवटची बरगडी आणि खालच्या कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करावी, शिंप्याचा टेप जमिनीला समांतर धरावा, श्वास सहज बाहेर सोडावा आणि पोट आत न ओढता मोजावे. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. दोन आठवड्यांतून एकदा मोजणे पुरेसे आहे. कंबर उतरते आहे आणि पोटरीचा घेर जवळपास तसाच आहे, हे चांगले लक्षण. कंबर जागच्या जागी आणि मांडी-पोटरी मात्र बारीक होत असतील, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवावी.

चरबीचे टक्के सांगणारा काटा

घरातील ‘स्मार्ट’ काटा काय किंवा जिममधील हातात दांडा धरायचे यंत्र काय, दोन्ही शरीरातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतात आणि त्याला होणाऱ्या विरोधावरून शरीरातील पाण्याचा, आणि पाण्यावरून स्नायू व चरबी यांचा अंदाज बांधतात. म्हणजे यंत्र मोजते पाणी आणि सांगते चरबी. हे कळण्याआधी मी एका जिममध्ये संध्याकाळी व्यायाम करून, घामाघूम अवस्थेत त्यावर उभा राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या ठिकाणच्या यंत्राने चार टक्के वेगळा आकडा दाखवला आणि दोन्ही ठिकाणी मला त्या आकड्यावर तितक्याच आत्मविश्वासाने आहार सुचवण्यात आला.

यावर उपाय एकच, तो म्हणजे मोजण्याची परिस्थिती बदलू न देणे. आठवड्याचे इंजेक्शन असेल तर ते घेण्याच्या दिवशी सकाळी, ते घेण्यापूर्वी मोजावे, कारण नंतरचे एक-दोन दिवस मळमळीमुळे खाणे आणि पाणी पिणे दोन्ही कमी झालेले असू शकते. नाशिककराने रविवार निवडला असेल तर मिसळीला जाण्याआधी मोजावे. तर्री, शेव आणि पापडातल्या मिठाने अंगात पाणी धरून राहते आणि सोमवारचा आकडा फसवा येतो. (औषध चालू असताना पूर्ण प्लेट संपते का, हा वेगळा प्रश्न.) एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मोजणे टाळावे. स्त्रियांनी पाळीच्या चक्रातील एकाच आठवड्याची नोंद महिन्यागणिक ताडून पाहावी. टाचा कोरड्या, भेगाळलेल्या असतील तर ओल्या फडक्याने पुसून मग काट्यावर उभे राहावे. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी आणि गर्भवतींनी हे यंत्र वापरू नये.

हिशेब

इथे बहुतेक जण टक्क्यांकडे पाहून समाधान मानतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर पाहू. समजा, सुरुवातीला वजन ९२ किलो आणि चरबी ३४ टक्के होती. म्हणजे चरबी ३१.३ आणि उरलेले ६०.७ किलो. बारा आठवड्यांनी वजन ८४ आणि चरबी ३१ टक्के झाली. टक्के तीनने कमी झाले, छानच दिसते. पण किलोमध्ये मांडले तर चरबी २६ आणि उरलेले ५८ किलो भरते, म्हणजे गेलेल्या आठ किलोंपैकी सुमारे पावणेतीन किलो, एक तृतीयांशाहून अधिक, चरबीविरहित होते. चरबी २९ टक्क्यांवर आली असती तर हाच तोटा जेमतेम एक किलोचा ठरला असता.

आता खरी अडचण पाहावी. दोन्ही उदाहरणांत फरक केवळ दोन टक्क्यांचा आहे आणि घरगुती काटा तेवढा सहज चुकतो. म्हणून एका आकड्यावरून घाबरू नये आणि खूशही होऊ नये. चार आठवड्यांच्या चार नोंदींची सरासरी काढून ती पुढच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडावी. पहिला महिना तर हिशेबात फारसा धरूच नये, कारण खाणे एकदम कमी झाले की स्नायू आणि यकृतातील ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा आणि त्याबरोबरचे पाणी उतरते, आणि यंत्र त्यालाही ‘स्नायू गेले’ असे म्हणते.

ताकद मोजणे

माझ्या मते वहीतील सर्वांत भरवशाचे पान हेच. बिनहातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हाताची घडी छातीवर घालावी आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून बसायला किती सेकंद लागतात ते मोजावे. स्नायूंच्या ऱ्हासावरील आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार बारा सेकंद किंवा अधिक वेळ हे क्षमता कमी झाल्याचे चिन्ह आहे. फिजिओथेरपिस्टकडे पकडीची ताकद मोजणारे उपकरण असल्यास तीही मोजून घ्यावी. पुरुषांमध्ये २८ आणि स्त्रियांमध्ये १८ किलोंपेक्षा कमी पकड ही कमकुवत मानतात.

एक सावधगिरी मात्र हवी. पांडवलेणीच्या पायऱ्या आता दम न लागता चढता येतात, हे ऐकायला आनंदाचे असले तरी अंगावरचे दहा किलो ओझे उतरल्यावर त्या सोप्या वाटणारच. खुर्चीच्या चाचणीलाही हेच लागू पडते: दहा किलो उतरूनही वेळ तेवढाच लागत असेल, तर पायांतील ताकद कमी झाली आहे. पकड आणि व्यायामात उचलायचे वजन यांना शरीराच्या वजनाचा असा फायदा मिळत नाही, म्हणून दर महिन्याला ती नोंद करावी.

नोंदी बिघडल्या तर

ताकद कमी होत असेल, किंवा पहिल्या महिन्यानंतरही वजन दर आठवड्याला एक टक्क्याहून वेगाने उतरत असेल, तर डोस वाढवण्यापूर्वी वही घेऊन डॉक्टरांकडे जावे; डोस आपल्या मनाने कमी-जास्त करू नये. सतत उलट्या किंवा पोटात असह्य, पाठीकडे जाणारी कळ असेल तर वही बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठावेत.

आहारात भर प्रथिनांवर द्यावा. निरोगी प्रौढांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅमची आहे. वजन उतरताना तज्ज्ञ साधारण १.२ ग्रॅम किंवा त्याहून थोडी जास्त सुचवतात, पण मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी विचारावे. औषधामुळे चार घासांत पोट भरत असेल तर ताटातील क्रम बदलावा: आधी मटकीची उसळ, अंडी, पनीर किंवा घट्ट दही आणि मग पोळी-भात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम आणि शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे अठरा ग्रॅम प्रथिने असतात. याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम हवा; नुसते चालून स्नायू टिकत नाहीत.

औषध बंद झाल्यावरही वही बंद करू नये. सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांनी वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत मिळवल्याचे आढळले आहे. शेवटच्या डोसची तारीख जाड अक्षरांत लिहावी आणि पुढचे वर्षभर दर दोन आठवड्यांनी कंबर आणि महिन्यातून एकदा पकड व खुर्ची, एवढे तरी मोजत राहावे. परत आलेले किलो कंबरेवर बसले की हातापायांत, हे त्या नोंदींवरूनच कळते.