गर्भपिशवीचा एमआरआय: चित्र नीट यावं म्हणून

चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय पेल्विस' (म्हणजे ओटीपोटाचा एमआरआय) लिहिलं असेल, तर तपासणी कशासाठी हवी तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. गर्भपिशवी कुणाची पुढे झुकलेली असते, कुणाची मागे; म्हणून छेद, म्हणजे एकेका कापासारखी चित्रं, शरीराच्या नव्हे, पिशवीच्या अक्षाला धरून घ्यावे लागतात. पिशवीत जन्मतः पडदा आहे का, हे पाहायचे छेद वेगळे आणि एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखी ऊती पिशवीबाहेर वाढणं) आतड्यापर्यंत गेलाय का, हे शोधायचे वेगळे.

अ‍ॅडेनोमायोसिसची (पिशवीचं अस्तर तिच्याच स्नायूत शिरतं त्या आजाराची) शंका असेल तर पाळीचे दिवस टाळून वेळ घ्या. अस्तरालगतचा स्नायूचा थर १२ मिलिमीटरपेक्षा जाड दिसला की संशय बळावतो, पण पाळीत पिशवी आकुंचन पावते आणि निरोगी थरही जाड दिसू शकतो. तातडीची तपासणी मात्र पाळीसाठी थांबवू नये.

साधारण ४ ते ६ तास उपाशी राहायला सांगतात, कारण आतडं हललं की शेजारची पिशवी धूसर होते. आतडं शांत करायला बहुधा ब्युस्कोपानचं इंजेक्शन देतात. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते घेण्याआधीच सांगा. नंतर थोडा वेळ नजर अंधुक होऊ शकते, तेव्हा स्कूटरवरून एकट्या जाऊ नका. मधुमेह असेल तर सकाळची पहिली वेळ मागा, गोळ्या-इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारा. बदलापूर-विरारहून रविवारी मुंबईत येणार असाल तर आदल्या दिवशी लोकलचा मेगाब्लॉक पाहून घ्या. वेळ हुकली तर उपास वाढतो.

सर्वात जास्त गोंधळ लघवीचा होतो. सोनोग्राफीसारखी तुडुंब भरून येऊ नका. तपासणीला ३० ते ४५ मिनिटं लागतात. तेवढ्यात मूत्राशय आणखी भरतं, पिशवीला ढकलतं, कळ सोसवत नाही आणि बाई हलते. अर्धा-पाऊण तास आधी जाऊन या, मग थांबा. अर्धवट भरलेलं पुरतं.

मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या पिना, हुकाची ब्रा, सगळं काढावं लागतं. घट्ट जोडवी घरीच साबणाच्या पाण्याने सोडवा. कॉपर-टी काढायची गरज नाही, पण आहे हे सांगा. पेसमेकर, मेंदूतली क्लिप किंवा कानातलं इम्प्लांट असेल तर वेळ घेतानाच कळवा.

मशीनमध्ये हाताची बोटं एकमेकांत गुंफू नका, त्वचा भाजू शकते. श्वास संथ घ्या. पोट जोरात वर-खाली झालं की चित्रावर सावल्या उमटतात.

गॅडोलिनियमचं, म्हणजे चित्र अधिक ठळक करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन प्रत्येकीला लागत नाही. लागणार असेल तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सोबत ठेवा. गरोदरपणाची थोडीही शक्यता असेल तर आधी बोला. तेव्हा हे इंजेक्शन शक्यतो टाळतात. अंगावर पाजत असाल तर इंजेक्शननंतर पाजणं थांबवावं लागत नाही.

जुने सोनोग्राफीचे आणि ऑपरेशनचे कागद रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचू द्या. निघताना सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडकच चित्रं असतात; परळच्या मोठ्या रुग्णालयांत दुसरं मत घ्यायला गेलात तर डॉक्टरांना सगळे छेद पाहावे लागतील.