रेड म्हणजे बॅकअप नव्हे! डेटा घालवणाऱ्या या चुका टाळा

"नॅसमध्ये दोन डिस्क आहेत ना, मग वेगळा बॅकअप कशाला?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच कळतं. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी. तिच्यात एकच डेटा दोन्ही डिस्कवर लिहिला जातो ते मिररिंग, म्हणजे रेडचाच (अनेक डिस्क एकत्र वापरायची पद्धत) एक प्रकार. अहो, ते असतं एक डिस्क मेली तरी काम अडू नये म्हणून. फाइल चुकून डिलीट केलीत की ती दोन्ही डिस्कवरून जाते, रॅन्समवेअरने (फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम) लॉक केली की दोन्हीकडे लॉक, आणि तेही त्याच क्षणी.

एका ऑफिसात हेच झालेलं डोळ्यांनी बघितलंय. अकाउंट्सच्या पीसीवर मेलमधून आलेलं एक 'बिल' उघडलं, दिसायला पीडीएफ पण खरं एक्सटेन्शन (फाइलच्या नावाचं शेवटचं टोक) ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्राम, कारण विंडोज ते मुळातच लपवून ठेवतं (ही सेटिंग आजच बदला). नॅस झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला, पासवर्ड सेव्ह केलेला, मग काय, पीसीवरचं संपवून रॅन्समवेअर थेट नॅसमध्ये घुसलं. मी पोचलो तेव्हा नॅसचे सगळे दिवे हिरवेगार, डिस्क एकदम हेल्दी, आणि आत एक फाइल उघडेल तर शपथ. बॅकअपची यूएसबी डिस्क होती, पण ती त्याच पीसीला कायम खोचलेली, त्यामुळे तीही गेली. कपाटात विसरलेली एक जुनी डिस्क सापडली म्हणून निदान चार महिन्यांपूर्वीपर्यंतचा डेटा तरी मिळाला.

तेव्हापासून माझा हिशोब सरळ आहे: रोजच्या पीसीवरून जो बॅकअप पुसता येतो तो मी बॅकअप धरतच नाही. ३-२-१ पाळा, म्हणजे तीन कॉपी, दोन प्रकारच्या मीडियावर, एक ऑफिसबाहेर. नॅसवर स्नॅपशॉट (फाइलींची त्या-त्या वेळची जुनी अवस्था जपून ठेवणारी सोय) चालू ठेवा आणि त्याचं अ‍ॅडमिन लॉगिन कुठल्याच पीसीवर सेव्ह करू नका. आणि महिन्यातून एकदा दोन-चार फाइली खरंच रिस्टोअर करून उघडून बघा, 'बॅकअप सक्सेसफुल' या मेसेजवर जाऊ नका.

दुसरी घोडचूक म्हणजे घरून फाइली दिसाव्यात म्हणून राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचा दरवाजा) उघडून नॅस थेट इंटरनेटवर ठेवणं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असेच उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस लॉक केले, मध्ये कुठला पीसी लागलाच नाही. बाहेरून यायचंच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा सुरक्षित खासगी मार्ग) वापरा, राउटरचं यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडणारी सोय) बंद करा. रिमोट डेस्कटॉपचं (दुरून पीसी चालवायची विंडोजची सोय) ३३८९ पोर्टसुद्धा इंटरनेटला उघडं ठेवू नका.

अपडेट 'नंतर करू' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: वॉनाक्राय हा रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला पसरला, मायक्रोसॉफ्टचा पॅच (तो रोखणारं अपडेट) मार्चमध्येच आला होता. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

लॅपटॉपवर बिटलॉकर (अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावताय? छान, पण ४८ अंकी रिकव्हरी की त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. प्रिंट काढून तिजोरीत ठेवा.

आणि फाइलींची नावं अचानक बदलायला लागली तर? आधी नेटवर्क केबल उपटा, वायफाय बंद, नॅसचीही केबल काढा. घाईत फॉरमॅट मारू नका आणि 'बघू तरी' म्हणून बॅकअप डिस्क त्या पीसीला अजिबात जोडू नका. लॉक झालेल्या एक-दोन फाइली आणि खंडणीची चिठ्ठी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या, 'नो मोअर रॅन्सम' साइटवर त्या टाकून बघता येतात, काही जातींची किल्ली तिथे फुकट मिळते.