धडधडीची नोंद पाळीच्या तारखेशेजारी ठेवा

छातीत एकाएकी धडधड सुरू होते, दहा-पंधरा मिनिटांत आपोआप थांबते, दवाखान्यात पोहोचेपर्यंत ईसीजी अगदी स्वच्छ येतो आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढेच ऐकून बाई घरी परतते. धडधड नेमकी कधी होते हे तारीखवार दाखवता आले, तर तिचे म्हणणे असे झटकून टाकणे अवघड जाते.

एसव्हीटी नावाचा वेगवान ठोक्यांचा विकार असलेल्या अनेक स्त्रियांना पाळीच्या आधीच्या दिवसांत, म्हणजे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेले असताना, झटके अधिक येतात. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारीच, पाळीच्या पहिल्या दिवसाला गोल करावा. धडधड झाली की वेळ, ती किती मिनिटे टिकली, बटण दाबल्यासारखी सुरू झाली की हळूहळू वाढली आणि त्या दिवशी कोणती गोळी घेतली होती, हे लिहावे. नाडी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर मोजावी. ठोके मोजण्यापलीकडे वेगवान असतील तर ‘मोजता आली नाही’ असे लिहावे, तीही माहितीच आहे. तीन पाळ्यांच्या नोंदींत क्रम दिसला, तर २४ तासांचे होल्टर, म्हणजे दिवसभर ईसीजी टिपणारे अंगावरचे छोटे यंत्र, त्याच दिवसांत लावण्याची विनंती करावी. पाळीनंतरच्या शांत आठवड्यात लावलेल्या होल्टरमध्ये बहुधा काहीच सापडत नाही.

गोळ्यांची नोंद उगाच सांगितलेली नाही. वयात आल्यावर मुलग्यांचे क्यूटी अंतर, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाच्या विद्युतक्रियेला पूर्वपदावर यायला लागणारा वेळ, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे कमी होते. स्त्रियांचे त्या मानाने लांबच राहते. त्यामुळे डोम्पेरिडोन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांसारखी हे अंतर वाढवणारी औषधे स्त्रियांना अधिक बाधू शकतात, विशेषतः उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम घटलेले असताना. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जन्मजात लाँग क्यूटी, म्हणजे हे अंतर जन्मतःच लांब असण्याचा घराण्यात चालणारा विकार, असलेल्या स्त्रीला बाळंतपणानंतरचे सुमारे नऊ महिने अधिक धोक्याचे असतात. तेव्हा बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोक्यांना आवर घालणारी गोळी, परस्पर बंद करू नये आणि दूध वाढावे म्हणून डोम्पेरिडोनही मनाने घेऊ नये.

गरोदरपणी रक्ताचे प्रमाण जवळपास निम्म्याने वाढते, त्यामुळे नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी वाढणे स्वाभाविक आहे. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा येताना होणारी धडधडही बहुतेक वेळा निरुपद्रवी असते; मात्र सगळे खापर ‘वयावर’ फोडण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावे. नाडी अगदीच बेताल लागत असेल, तर एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याच्या विकाराची, शंका घ्यावी, कारण त्यातून पक्षाघात होऊ शकतो.

धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर नोंद करत बसू नये; महाराष्ट्रात असाल तर 108 ला फोन करावा.