प्रावरणाला लाल खडू नको : खडक आणि ज्वालामुखी नव्यानं शिकवणाऱ्यांसाठी

आठवीला 'पृथ्वीचे अंतरंग' शिकवत होते. भूकंपाच्या प्राथमिक लहरी घन आणि द्रव दोन्हींतून जातात, दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, म्हणून बाह्यगाभा द्रव आहे हे कळलं, असं आकृती काढून सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, मग दुय्यम लहरी प्रावरणातून कशा जातात? तुम्ही तर म्हणालात, प्रावरण म्हणजे शिलारस, वितळलेला खडक."

फळ्यावर माझीच आकृती होती. तपकिरी भूकवच, त्याखाली लालभडक प्रावरण, मध्ये पिवळा गाभा. "उद्या सांगते," म्हटलं आणि तास संपायची वाट पाहत उभी राहिले. शिकवायला लागून मला चौथं वर्ष होतं. त्याआधीच्या तीन तुकड्या हाच लाल रंग वहीत भरून पुढच्या वर्गात गेल्या होत्या. आजही ते आठवलं की वाईट वाटतं, म्हणून हे लिहायला बसले.

अग्निज, स्तरित, रूपांतरित या व्याख्या तुम्हाला येतात. जमिनीखाली शिलारस, बाहेर आला की लाव्हा, हेही येतं. मला सांगायचंय ते एकाच खड्ड्याबद्दल, कारण मी त्यात पडले आणि माझ्या ओळखीचे निम्मे शिक्षक अजून त्यातच आहेत.

प्रावरण घन आहे. खडक आहे तो. भूकवचाच्या तळापासून सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत खडकच. आपण लाव्हाच्या समुद्रावर तरंगतोय आणि भूकवचाला भोक पडलं की तो वर उसळतो, असं चित्र मुलांच्या डोक्यात असतं. ते त्यांनी कार्टूनमधून आणि यूट्यूबवरून आणलेलं असतं आणि आपण लाल खडूनं त्यावर शिक्का मारतो. ज्वालामुखीचा लाव्हा गाभ्यातून येतो, असं तर मी शिक्षकांच्या तोंडूनही ऐकलंय. कृपा करून हे सांगू नका. शिलारस तयार होतो तो बहुतेक वेळा प्रावरणाच्या वरच्या भागात किंवा भूकवचात, मोजक्या ठिकाणी, आणि तिथेही खडकाचा थोडासाच अंश वितळतो.

दुसरी चूक पहिलीच्या पोटात दडलेली असते. "खोलवर उष्णता आणि दाब प्रचंड, म्हणून खडक वितळतात." हे वाक्य मी स्वतः लिहून दिलंय. यातला दाब उलट्या बाजूला आहे. दाब खडकाला वितळू देत नाही. खाली इतकी उष्णता आहे की तोच खडक तसाच गरम पृष्ठभागावर आणला तर वितळायला लागेल. पण वरच्या खडकाचं ओझं त्याला घन ठेवतं. मग शिलारस होतो कसा? मुख्यतः दोन वाटांनी. एक, गरम खडक हळूहळू वर सरकतो, त्याच्यावरचा दाब उतरतो आणि उष्णता न वाढताच तो थोडा वितळतो. दोन, त्यात पाणी मिसळतं आणि वितळण्याचं तापमानच खाली येतं. अंदमानातलं बॅरन बेट हा ज्वालामुखी या दुसऱ्या प्रकारचा. भारतीय प्लेट, म्हणजे भारत ज्यावर आहे तो खडकाचा प्रचंड तुकडा, तिथे खाली शिरते, सोबत समुद्राचं पाणी नेते. १७८७ मध्ये तिथला उद्रेक पाहिल्याची नोंद आहे. पुढे दीर्घ काळ शांत राहून ते १९९१ मध्ये पुन्हा जागं झालं.

वर्गात हे कुकरनं सांगा. कुकरमधलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२०च्या आसपास जातं, कारण आत दाब असतो. दाब उतरला की तेच पाणी कमी तापमानाला उकळतं. इथे उकळण्याची गोष्ट आहे आणि तिथे वितळण्याची, हा फरक मात्र तोंडानं सांगायचाच, गृहीत धरायचा नाही. पाण्याच्या वाटेसाठी बर्फावर मीठ टाकून दाखवा, त्याचंही वितळण्याचं तापमान खाली येतं. 'थोडाच अंश वितळतो' यासाठी मला प्लॅस्टिकच्या नळीतल्या बर्फाच्या पेप्सीपेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. टोक कापून चोखली की रंग आणि गोडी आधी येते, मागे पांढरा, बेचव बर्फ उरतो. वितळून जे बाहेर येतं ते मूळ गोळ्यासारखं नसतं. प्रावरणाचा खडक एक आणि त्यातून निघालेला बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, वेगळा, ही कॉलेजात गेल्यावरही अडणारी गोष्ट सहावीच्या मुलाला या पेप्सीवरून कळते.

"घन आहे तर सरकतो कसा?" हा प्रश्न येणारच. रस्त्याच्या कामावरचा आडवा पडलेला डांबराचा ड्रम आठवायला सांगा. गार डांबरावर हातोडा मारला तर ढलपी उडते, पण तेच डांबर महिनाभरात ड्रममधून ओघळून जमिनीवर पसरलेलं असतं. प्रावरणाचा खडक याहून फार सावकाश, वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे आपली नखं वाढतात साधारण त्या वेगानं सरकतो.

हे सगळं कळायला मला दोन महिने लागले, आणि त्यासाठी अकरावी-बारावीची पुस्तकं पुन्हा उघडावी लागली. तुम्हाला आज येत नसेल तर घाबरू नका. बी.एड.ला पाठ कसा घ्यायचा ते शिकवतात, खडक कसा वितळतो ते कुणी विचारत नाही. पण माहीत नसताना ठोकून सांगू नका. "उद्या सांगते" म्हणणं चालतं. उद्या खरंच सांगायला हवं, एवढंच.

माझ्या सुरुवातीच्या काळात एका ज्येष्ठ शिक्षकांनी सल्ला दिला होता, "व्याख्या, आकृती, स्वाध्याय. परीक्षेत याहून जास्त येत नाही." परीक्षेपुरतं ते बरोबर होतं. पण खडकांच्या बाबतीत मला खरं शिकवलं ते विहीर खोदणाऱ्या एका मामांनी. आमच्या गावाजवळ विहिरीचं काम चालू होतं. पालकांची परवानगी घेऊन सहावीच्या २२ मुलांना नेलं. काठावर कुणालाही जाऊ दिलं नाही, बाहेर टाकलेल्या ढिगाऱ्यापाशीच थांबवलं. मामांनी एकेक दगड उचलून सांगितलं, वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मग हा लाल पट्टा, आणि त्याच्याखाली पुन्हा मांजऱ्या.

तो मांजऱ्याचा तुकडा मी अजून टेबलावर ठेवते. राखाडी दगड, त्यात वाटाण्याएवढी भोकं, काही रिकामी, काहींत पांढरा चकाकणारा चुरा. लाव्हा वाहत असताना त्यातला वायू वर येतो आणि वरचा भाग थिजताना बुडबुडे तिथेच अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून झिओलाइट आणि क्वार्ट्झसारखी खनिजं भरतात. मधला भाग सावकाश निवतो, त्यात बुडबुडे फारसे राहत नाहीत, तोच काळा पाषाण. आणि लाल पट्टा म्हणजे दोन प्रवाहांमधली उसंत. आधीच्या थराचा माथा उघड्यावर राहून झिजला, मातीसारखा झाला, आणि त्यावर पुढचा लाव्हा पसरला. मुलांनी ढिगाऱ्यावरून हिशेब लावला. "मॅडम, म्हणजे इथे दोनदा लाव्हा आला." मी काहीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर दख्खनचा पाठ वेगळाच झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा आला आणि थरावर थर पसरत गेला. आज उरलेला भागही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे. डोंगरांच्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या, आणि 'डेक्कन ट्रॅप'मधला 'ट्रॅप' हा शब्दही युरोपातल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय. म्हणून समोरचा टोकदार डोंगर दाखवून "हा विझलेला ज्वालामुखी" म्हणू नका. सह्याद्रीची टोकं झिजेतून उरलेली आहेत. शंकूच्या आकाराचा आणि वर तोंड असलेला ज्वालामुखी आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी कधी पाहिलेला नसतो, आणि त्यांच्या पायाखालचा दगड तसल्या शंकूतून आलेलाही नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचं मॉडेल मला याच कारणासाठी आवडत नाही. विज्ञान प्रदर्शनात करायचं तर करू द्या. खडकांच्या तासाला आणलंत तर मुलांना फेस आणि शंकू आठवेल, दगड आठवणार नाही. विरघळलेला वायू दाखवायचा असेल तर सोडावॉटरची बाटली हलवून उघडा, ती शिलारसाच्या जास्त जवळची आहे.

लोणारबद्दल एकच वाक्य, कारण दर वर्षी कुणीतरी चुकतं. ते ज्वालामुखीचं मुख नाही, बेसाल्टवर उल्का आदळून झालेलं विवर आहे.

आता थंड होण्याबद्दल. ओट्यावर ठेवलेलं तूप रवाळ होतं आणि फ्रिजमध्ये ठेवलेलं गुळगुळीत, हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. थंडीच्या दिवसांत एकाच कढईतलं तूप दोन वाट्यांत घ्या. एक कापडात गुंडाळून रात्रभर ओट्यावर ठेवा, दुसरी लगेच फ्रिजमध्ये. सकाळी दोन्ही वर्गात न्या आणि बोटानं चोळून पाहू द्या. सावकाश निवलं की रवे मोठे, झटकन निवलं की रवे दिसतच नाहीत. पुस्तकातलं 'स्फटिक' त्यानंतर मुलांना जड जात नाही.

पण इथेच आणखी एक चूक होते. "शिलारस लवकर थंड झाला की बेसाल्ट, हळू झाला की ग्रॅनाइट." मीही हे लिहून दिलंय. बेसाल्टचाच शिलारस खोलवर सावकाश निवला तर गॅब्रो होतो, ग्रॅनाइट नाही. ग्रॅनाइटचा शिलारस मुळातच वेगळा, त्यात सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, बरीच जास्त. तूप कसंही निववलं तरी त्याचा गूळ होत नाही, असं मी सांगते. आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याचा ब्लॅक ग्रॅनाइट घरी जाऊन बघायला लावते. दुकानात नाव ग्रॅनाइट असलं तरी तो बहुतेकदा गॅब्रो किंवा त्याच कुळातला डोलेराइट असतो. खरा ग्रॅनाइट हवा असेल तर फरशीवाल्याकडे गुलाबी किंवा करड्या ठिपक्यांचा तुकडा मागा. फुटके तुकडे ते फुकट देतात. भिंगातून गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखा क्वार्ट्झ आणि काळा अभ्रक वेगवेगळे दिसतात.

तयार पीपीटी वापरू नका असं मी म्हणत नाही. चाळीस मुलं, पस्तीस मिनिटं आणि वर शाळेची बाकीची कामं, हे मला माहीत आहे. पण वापरण्याआधी त्यातलं प्रावरण कोणत्या रंगाचं आहे ते बघा. लाल असेल तर ती स्लाइड काढून टाका आणि स्वतः खडू घ्या.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी अर्धवटच उत्तर दिलं होतं, "प्रावरण घन आहे, मी चुकीचं सांगितलं." दोन महिन्यांनी बाकीचं सांगितलं तेव्हा तिनं वही उघडली, लाल रंगावर कागद चिकटवला आणि विचारलं, "मग कुठला रंग देऊ?" वरच्या प्रावरणात ऑलिव्हिन हे खनिज सर्वांत जास्त असतं, आणि ते शेवाळी हिरवं असतं. तेव्हापासून मी हिरवा खडू वापरते. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हिरवं का?"